दंडावर बांधायचं प्रेशरचं मशीन: खानावळ चालवणाऱ्या बाईचा अभिप्राय

मशीन चांगलं आहे, घ्या. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी मशीनपेक्षा मीठ, गोळ्या आणि काढे यांच्याबद्दलच जास्त लिहिणार आहे. ज्यांना घ्यावं की नको एवढंच हवं आहे त्यांनी इथे थांबलं तरी चालेल.

दंडावर पट्टा बांधायचं, चार पेन्सिल सेलवर चालणारं घरगुती डिजिटल मशीन. गोव्यातल्या म्हापशाच्या एका औषधांच्या दुकानातून आणलं, दोन हजारांच्या आसपास पडलं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे आवडलं ते या प्रकारच्या कुठल्याही चांगल्या मशीनमध्ये मिळेल. ‘स्ट्राइड बीपी’ म्हणून एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. ज्या मशीनची अचूकता रीतसर तपासली गेली आहे त्यांची यादी ती इंटरनेटवर सगळ्यांसाठी ठेवते. दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर बघता येते. मी तसंच बघून घेतलं. दुकानदाराने मनगटावर बांधायचं छोटं मशीनही दाखवलं, दिसायला ते गोजिरं होतं. पण मनगट हृदयाच्या उंचीला बरोबर धरलं नाही तर त्याचा आकडा हलतो, म्हणून दंडाचंच मागितलं.

घ्यायची वेळ का आली ते सांगते. पेडण्यात माझी खानावळ आहे. दुपारची नुस्त्याची, म्हणजे माशांची थाळी, सोमवारी आणि श्रावणात शिवराक, म्हणजे शाकाहारी. सकाळपासून तीन वाजेपर्यंत उभं राहायचं काम. गुडघा दुखतो म्हणून एका दवाखान्यात गेले, तिथे नर्सबाईंनी रिवाज म्हणून प्रेशर घेतलं तर 160/98, म्हणजे वरचा आकडा 160, खालचा 98. डॉक्टरांनी गुडघ्याची गोळी लिहिली, खाली प्रेशरची लिहिली, ‘सकाळी एक, बंद करायची नाही’ म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाहेर बाकावर तीसेक माणसं ताटकळत होती. डॉक्टरांच्या हातात वेळच नव्हता हे मला दिसत होतं. तरी एक गोष्ट मनाला लागली. दिवसभर मीठ-मसाल्यात वावरणाऱ्या बाईला जेवतेस काय, झोपतेस किती, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही.

मग वन्स मला एका वैद्यांकडे घेऊन गेल्या. तिथे तासभर गेला. भूक कधी लागते, पोट साफ होतं का, रात्री कितीला जाग येते, कशाची काळजी लागून राहिली आहे, घरात आईवडिलांना काय होतं, सगळं विचारलं. जीभ पाहिली, नाडी पाहिली, पाय पाहिले. पायावर अंगठा दाबून म्हणाले, ‘वहिनी, ही सूज कधीपासून?’ माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. दिवसभर उभं राहून पाय जड होतात असं धरून चालले होते. ते म्हणाले, सूज त्या गोळीची. आणि ते त्यांचं बरोबर निघालं. मला दिलेली गोळी अम्लोडिपिन होती, आणि घोट्याला सूज येणं हा तिचा नेहमीचा त्रास आहे.

पण त्यापुढे ते म्हणाले, ‘इंग्रजी गोळी एकदा लागली की मरेपर्यंत सुटत नाही. आजच बंद करा. हा काढा घ्या, साधं मीठ टाकून सैंधव खा.’ पुडीवर लेबल नव्हतं. आत काय आहे विचारलं तर घराण्याचं औषध आहे म्हणाले.

गोळी मी बंद केली नाही. ज्या पुडीत काय आहे ते कळत नाही ती घेतलीही नाही. माझ्या वडिलांना पक्षाघात झाला होता. उजवा हात गेला, बोलणं गेलं, आणि त्याआधी प्रेशर आहे म्हणून त्यांना कधी डोकंसुद्धा दुखलं नव्हतं. या दुखण्याची हीच भीती आहे, आतून काही कळत नाही. आज बरं वाटतंय म्हणून प्रेशर उतरलं असं म्हणता येत नाही, आणि थकवा आला म्हणून चढलं असंही नाही.

एकाने काही न विचारता गोळी दिली, दुसऱ्याने सगळं विचारून ती टाकायला सांगितलं. आपलं औषध लागू पडलं का, हे पुन्हा मोजून बघायचं मात्र दोघांच्याही मनात आलं नाही. मशीन मी त्यासाठी घेतलं.

आता मोजायचं कसं ते नीट सांगते, कारण मशीन वाईट म्हणून ओरडणारे निम्मे लोक मोजायला चुकलेले असतात. सकाळी उठून लघवीला जाऊन यायचं. चहा आणि गोळी दोन्ही नंतर. पाठीला टेका असलेल्या खुर्चीत बसायचं, पाय जमिनीला टेकलेले, पायावर पाय टाकायचा नाही. हात टेबलावर ठेवला की पट्टा आपोआप छातीच्या रेषेत येतो. पोलक्याची बाही वर सरकवून तिच्या खाली पट्टा बांधू नका, ती दंडाला आवळते. मी त्यासाठी सैल बाह्यांचा गाउन ठेवला आहे. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर, आत एक बोट सहज जाईल इतका घट्ट. मग पाच मिनिटं गप्प बसायचं. मोबाइल नाही, टीव्ही नाही. त्यानंतर बटण.

पट्टा फुगतो, दंड आवळतो, रक्तवाहिनीच्या ठोक्यांची थरथर पट्ट्यात उमटते आणि तिच्यावरून मशीन आकडा काढतं. एवढ्यात आपण हललो किंवा बोललो तर ती थरथर बिघडते, शिवाय बोलण्याने प्रेशर खरोखरच वाढतंही. एकदा मापात असताना दारात सिलिंडरवाला आला, मी बसल्या जागेवरून ‘मागच्या दाराने ठेव रे’ म्हटलं आणि आकडा एकदम दहाने वर. पाच मिनिटांनी पुन्हा घेतला तर पहिल्यासारखा. एका मापावर विसंबू नये ते एवढ्याचसाठी. मिनिटभराच्या अंतराने दोन मापं, सकाळी आणि रात्री, सलग आठवडा, आणि पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. अगदी पहिल्यांदा दोन्ही दंडांवर घेऊन बघा, ज्या हातावर जास्त येतं तोच हात पुढे कायम धरा. प्रेशर जास्त कधी म्हणायचं याची दवाखान्यातली रेषा 140/90 ची, घरच्या मापाला ती 135/85 धरतात, कारण घरी माणूस निवांत असतो.

माझी पहिल्या आठवड्याची सरासरी 146/91 आली, तीही गोळी चालू असताना. म्हणजे थोडा उतार गोळीचा, आणि दवाखान्यातल्या 160 मध्ये काही भाग घाईचा, जिन्याचा आणि गुडघेदुखीचाही असेल. वैद्य म्हणाले होते की तुमचं प्रेशर निम्मं घाबरण्याचं आहे, ते अगदी खोटं नसेलही. पण घाबरण्याचा भाग वजा करूनही जे उरलं ते रेषेच्या वरच होतं.

ती वही घेऊन मी म्हापशाला एका फिजिशियन बाईंकडे गेले. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली. सूज पाहून अम्लोडिपिन बदलून टेल्मिसार्टन दिली, सूज उतरली. मग त्यांनी स्वतःच मिठाचा विषय काढला.

माझं माहेर आगरवाड्याचं. शापोरा नदीच्या काठची मिठागरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. आमच्या आज्याची आगरं, म्हणजे मिठागरं होती. उन्हाळ्यात खाजनात, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीत पाणी घ्यायचं, वाफ्यावाफ्यातून फिरवायचं, आटत आलं की फळीने मीठ ओढून काठाला ढीग घालायचे. दाराशी आलेला माणूस मीठ घेतल्याशिवाय परत जात नसे. त्यामुळे मीठ वाईट असं माझ्या तोंडून निघणार नाही, आणि गावठी मीठ आजही मी तिथूनच आणते, लोणच्याला आणि मासळी खारवायला तेच लागतं. पण किती खातो ते मी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सोपी रीत दिली. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट एक चमचा. घरात चार माणसं असली तर दिवसाचे 20 ग्रॅम, आणि एक किलोचं पाकीट पन्नास दिवस जायला हवं. आमचं महिनाभरही टिकत नव्हतं. आणि हे फक्त डब्यातलं. पोदेराच्या (पाववाल्याच्या) पावात मीठ आहे, पापडात आहे, फरसाणात आहे. सुक्या बांगड्यात आणि सुकटीत तर ते भरूनच असतं. पावसाळ्यासाठी पुरुमेंत, म्हणजे बेगमी भरायची आपली जुनी सवय. चेपणीच्या कैऱ्या, सुकं नुस्तं, खारातली लिंबं, या सगळ्याचा जीव मिठात आहे. मासेमारी बंद असण्याच्या दिवसांत दुसरा इलाजही नव्हता. आता बर्फ आहे, फ्रीज आहे, पण जिभेला ती चव पडून गेली आहे.

घरात आणि खानावळीत मी काय काय बदललं ते सविस्तर लिहिते, कारण ‘मीठ कमी करा’ एवढं सांगून कोणाच्या हातून ते होत नाही.

सुका बांगडा रात्रभर पाण्यात टाकते, पाणी दोनदा बदलते. किसमूर, म्हणजे सुक्या सुंगटांची (कोलंबीची) कोशिंबीर करताना सुंगटं भाजून घेतल्यावर मीठ घालतच नाही. कांदा, ओलं खोबरं, कोथिंबीर आणि आमसुलाचं पाणी एवढ्यावर ती उभी राहते. हुमणाला, म्हणजे माशाच्या आमटीला, मीठ शेवटच्या उकळीला घालते. आधी घातलेलं रसात मुरून जातं आणि जीभ पुन्हा मागते. शेवटी घातलं तर कमी मिठात चव लागते. बांगड्याच्या हुमणात तिरफळं ठेचून, सोलं (आमसुलं) थोडी जास्त. बिंबलांच्या दिवसांत बिंबलं. आंबट आणि तिखट जागेवर असलं की खारट कमी आहे हे जिभेला पटकन कळत नाही. तळायच्या माशाला आधी मीठ लावून ठेवायचं, धुवायचं आणि मसाल्यात पुन्हा मीठ, असं दुहेरी व्हायचं, आता एकदाच. आणि टेबलावरची मिठाची डबी उचलली, कोणी मागितली तरच देते.

गिऱ्हाईक तुटेल अशी भीती होती. म्हणून एकदम कमी केलं नाही, हळूहळू करत आणलं. रोजच्या जेवणाऱ्यांपैकी एका ड्रायव्हरने एकदा ‘मावशी, आज हुमण वेगळं लागतंय’ म्हटलं, तेही तिरफळांबद्दल निघालं.

सैंधवाचं आता. आमच्याकडे पुष्कळ बायका विश्वासाने सांगतात की सैंधवाने प्रेशर वाढत नाही. सैंधव जमिनीतून निघतं, रंग गुलाबी असतो, उपासाला चालतं, सगळं कबूल. पण रासायनिकदृष्ट्या तेही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. चमच्याला चमचा मोजलं तर प्रेशरच्या दृष्टीने फारसा फरक नाही, आणि साध्या पाकिटात आयोडीन असतं ते यात सहसा घातलेलं नसतं. आमच्या आगराच्या मिठाबद्दलही मला हेच म्हणावं लागतं.

कमी सोडियमचं मीठ म्हणून जे मिळतं ते मात्र वेगळं. त्यात थोड्या सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. चीनच्या 600 खेड्यांत सुमारे 21 हजार माणसांवर याचा अभ्यास झाला, 2021 साली तो प्रसिद्ध झाला. ज्यांना आधी पक्षाघात होऊन गेला होता किंवा साठीच्या पुढे प्रेशर होतं अशी ती माणसं. साध्या मिठाच्या जागी तीन भाग साधं आणि एक भाग पोटॅशियमचं असं मीठ दिलं, तर पक्षाघाताचं प्रमाण 14 टक्क्यांनी कमी झालं. स्वयंपाकघरातला एक डबा बदलून एवढा फरक! मी ते वाचलं आणि लगेच पाकीट आणायला निघाले होते. डॉक्टरबाईंनी थांबवलं. टेल्मिसार्टनने शरीरात पोटॅशियम साठतं, वर मिठातून आणखी गेलं तर ते धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनाही हे मीठ चालत नाही. रक्त तपासल्याशिवाय नको म्हणाल्या. किराणा दुकानात कोणालाही विचारल्याशिवाय मिळणारी, ‘नैसर्गिक’ म्हणून विकली जाणारी वस्तू आणि रोजची गोळी यांचं असं जुळत नाही, हे त्या पाकिटावर असलंच तर बारीक अक्षरांत असतं, आणि घाईच्या बाजारात ते कोणी वाचत नाही.

उलट दिशेची गोष्ट ज्येष्ठमधाची. पावसाळ्यात घसा धरला की आमच्याकडे ज्येष्ठमध चघळायची रीत. घशाला बरं वाटतं यात शंका नाही. पण ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं तर शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम खाली जातं आणि प्रेशर वाढतं. हे वैद्यकाला चांगलं माहीत आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या वहीतले आकडे चढायला लागले, जेवण तेच, गोळी तीच. डॉक्टरबाईंनी विचारलं, नवीन काय घेताय? दोन गोष्टी निघाल्या. एक ज्येष्ठमधाचा काढा, दुसरी गुडघ्यासाठीची डायक्लोफिनॅकची गोळी, जी पहिल्या दवाखान्याच्या चिठ्ठीवर मी लागेल तशी घेत होते. वेदनाशामक गोळ्यांनीही प्रेशर चढतं. दोन्ही थांबवल्या, आकडे उतरले. कुणामुळे किती चढलं होतं ते सांगता येणार नाही. पण एक आजीच्या बटव्यातली आणि एक केमिस्टकडची, अशा दोन्ही गोष्टी मशीनने सारख्याच उघड्या पाडल्या.

वनस्पतीचं औषध म्हणजे सौम्य, असं आपण धरूनच चालतो. सर्पगंधा घ्या. सह्याद्रीच्या रानात होणारं झुडूप, आपल्या वैद्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असलेलं. मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी 1949 मध्ये ब्रिटिश हृदयरोगाच्या नियतकालिकात लिहून दाखवलं की तिच्या मुळीने प्रेशर उतरतं. 1952 मध्ये त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि जगभर प्रेशरसाठी दिलं जाऊ लागलं. म्हणजे आपल्या वैद्यांचं ज्ञान खरं होतं. पण त्याच औषधाने काही लोकांना खोल निराशा यायची हेही दिसून आलं, आणि पुढे अंगाला जास्त मानवणारी औषधं आल्यावर ते मागे पडलं. सर्पगंधेच्या मुळीत ताकद आहे, म्हणूनच तिची मात्रा मोजूनच द्यावी लागते. कोणी प्रेशरवर ‘झाडपाल्याची’ पुडी देत असेल तर त्यात सर्पगंधा आहे का आणि किती, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. तुमच्या रोजच्या गोळीवर ती पुडी पडली तर प्रेशर नको तितकं खाली येईल.

पणजीत म्युनिसिपालिटीच्या बागेला गार्सिया द ओर्ताचं नाव आहे. सोळाव्या शतकात तो पोर्तुगालहून आला, गोव्यात राहिला, इथल्या वैद्यांना आणि हकिमांना विचारून औषधी झाडांवर पुस्तक लिहिलं आणि 1563 मध्ये ते इथेच छापलं. मला त्यातलं एवढंच भावतं की तो विचारत होता. त्याच्यानंतर इतकी शतकं गेली, आणि माझ्या डॉक्टरांना वैद्यांनी काय दिलं ते माहीत नाही, वैद्यांना डॉक्टरांचं माहीत नाही, दोघांमध्ये निरोप्या म्हणून मी आणि माझी वही.

आमच्या तालुक्यात धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था 2022 च्या डिसेंबरात सुरू झाली. बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय तर 1842 पासूनच्या परंपरेचं. दोन्ही आपल्याच पैशांनी चालतात. प्रेशरच्या पेशंटचं एकच कार्ड दोन्हीकडे चालावं, एकीकडे काय दिलं ते दुसरीकडे दिसावं, एवढी मागणी मी या निमित्ताने करते.

लोक मला विचारतात, मग शेवटी फरक कशाने पडला? वहीवरून सांगते. नवीन गोळीने सुरुवातीच्या काही आठवड्यांत मोठा उतार दिला. मिठाने आणि वजनाने नंतर हळूहळू. वजन किलोभर उतरलं की वरचा आकडा साधारण एक अंक उतरतो असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे, आणि माझा अनुभव त्याच्या जवळपास जातो. संध्याकाळी खानावळ आवरल्यावर चालायला लागले त्याचा गुण झोपेत आधी दिसला, आकड्यात मागाहून. प्राणायामाचं मी मुद्दाम बघितलं. दहा मिनिटं सावकाश श्वास घेऊन लगेच मोजलं की आकडा उतरलेला असतो, दुसऱ्या दिवशी सकाळी परत तिथेच. तरी मी तो करते, कारण त्या दहा मिनिटांत माझ्याकडे कोणी काही मागत नाही. आता घरची सरासरी 128/80 च्या आसपास असते. गोळीचा डोस डॉक्टरबाईंनी निम्मा केला आहे, तो त्यांनी केला, मी नाही.

वैद्य म्हणाले होते की गोळी सुटत नाही. खरं तर गोळी थांबवली की प्रेशर परत वर जातं ते दुखणं तिथेच असतं म्हणून. आणि हेही लक्षात घ्या की प्रेशरच्या गोळीने आज कसलाच आराम वाटत नाही. ती घ्यायची ती उद्या पक्षाघात येऊ नये, मूत्रपिंड खराब होऊ नये म्हणून. म्हणजे तीसुद्धा प्रतिबंधच आहे, मीठ कमी करण्यासारखाच. डॉक्टर म्हणजे दुखणं दाबणारे आणि वैद्य म्हणजे मुळापासून बरं करणारे, अशी वाटणी लोक बोलता बोलता करून टाकतात. माझ्या अनुभवात मुळाचा विचार करणाऱ्या त्या फिजिशियन बाई होत्या, आणि माझी सूज बघणारे वैद्य होते.

आता मशीनच्या मर्यादा. ठोके अनियमित असले तर आकडा बिनभरवशाचा होतो; पडद्यावर तशी खूण पुन्हा पुन्हा आली तर डॉक्टरांना दाखवा, ईसीजी लागेल. साखर, मूत्रपिंड, कोलेस्टेरॉल यातलं त्याला काही कळत नाही. आणि गोव्यात तर साखर बघितल्याशिवाय भागत नाही. 2023 मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्यात जास्त गोव्यात होतं, 26.4 टक्के, देशाचं 11.4 असताना. उच्च रक्तदाब देशात 35.5 टक्के लोकांना. म्हणून वर्षातून एकदा रक्त आणि लघवी तपासून घ्याच.

काही स्वभावांना हे मशीन मानवत नाही. माझ्या सासूबाई दिवसातून कितीदा तरी पट्टा चढवायच्या. आकडा जास्त आला की घाबरायच्या, घाबरल्या की आणखी जास्त यायचा. शेवटी मशीन मी कपाटात ठेवलं आणि महिन्यातला ठरलेला एकच आठवडा त्यांचं मोजायचं असा नियम केला. तेव्हापासून त्यांचे आकडेही बरे आणि झोपही.

वरचा 180 च्या पुढे किंवा खालचा 120 च्या पुढे आला तर आधी पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तसाच राहिला आणि छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तोंड वाकडं होत असेल, हात उचलत नसेल किंवा बोलणं अडखळत असेल तर 108 लावा. काढा नको, जिभेखाली काही नको, जास्तीची गोळी नको. त्रास काही नसेल तरी त्या दिवशी डॉक्टरांना कळवा.

पट्ट्याबद्दल तक्रार आहे. सोबत येतो तो मध्यम मापाचा, साधारण 22 ते 32 सेंटिमीटर दंडासाठी. आमच्या ह्यांचा दंड त्यात बसत नाही, आणि पट्टा आखूड असला की प्रेशर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. त्यांच्यासाठी मोठा पट्टा वेगळा मागवावा लागला, त्याचे वेगळे पैसे गेले आणि तो यायला वेळही लागला. दुकानात जाण्याआधी शिंप्याच्या टेपने घरातल्या प्रत्येकाचा दंड मधोमध मोजून घ्या आणि त्या मापाचा पट्टा बरोबर मागा. पावसाळ्यात वापर कमी असेल तर सेल काढून ठेवा, आपल्या हवेत ते गळतात. आणि वर्षातून एकदा मशीन पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या, त्यांच्या आणि आपल्या आकड्यात किती अंतर पडतं ते बघून घ्या. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा गुण पट्ट्याचा कापला.